गावच्या चढासाठी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी का?

पत्र थोडक्यात: पुण्यात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंचं माहेर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे. वडील आता नाहीत, आई तिथे एकटी राहते आणि पुण्याला यायला तयार नाही. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत शेवटचा पाऊण किलोमीटर कच्चा चढ आहे, लाल माती आणि जांभा. गेल्या जुलैत ताई गावी असताना रात्री आईला अचानक त्रास व्हायला लागला. गाडी खाली रस्त्याला लावलेली होती, ती वर आणायला गेल्या तर वळणावर पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी वाडीतल्या चौघांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. आई आता बरी आहे. दहा वर्षांची हॅचबॅक बदलायचीच होती, तेव्हा ताईंनी ठरवलंय की आता ऑल व्हील ड्राइव्हच घ्यायची. बजेट ऑन रोड २२ लाखांपर्यंत. यादीत ग्रँड विटारा, हायरायडर, व्हिक्टोरिस, जिम्नी आणि भावाच्या आग्रहाने थार रॉक्स. नवरा म्हणतो वर्षभर गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्येच चालणार, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनसोबत बॅटरी-मोटरवरही चालणारी, घेऊ. ताई विचारतात, यातली कुठली घेऊ? आणि शेवटी लिहितात, "मला परत तशी रात्र नकोय."

ताई,

तुमची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सोबत पाठवलेली एक्सेल शीट पण बघितली, मेहनत दिसते त्यात, पण गाड्यांकडे नंतर येते, आधी त्या ओळीबद्दलच विचारते कारण मला वाटतं सगळा निर्णय तिथेच अडकलाय. समजा नवी गाडी आली, चारही चाकांना ताकद देणारी, आणि पुढच्या जुलैत आईला परत रात्री दोन वाजता त्रास झाला, तर गाडी कुठे असेल? बहुतेक पुण्यात, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गेल्या वर्षी तुम्ही नेमक्या गावी होतात. वर्षातल्या बाकी बहुतेक रात्री आई एकटी असते, आणि त्या रात्री तिला न्यायला जी गाडी येईल ती शेजाऱ्यांची असेल, वाडीतली रिक्षा असेल नाहीतर १०८ ची रुग्णवाहिका, आणि त्या गाडीलाही तोच चढ चढायचाय.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. त्या रात्री तुम्ही जे केलंत ते बरोबरच केलंत, वेळेत खाली नेलंत. पण त्या भीतीवर औषध म्हणून तुम्ही गाडी शोधताय आणि गाडी त्यातला थोडाच भाग बरा करू शकते, हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

आता तिथे नक्की काय झालं ते बघू. तुमची हॅचबॅक फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. सपाट रस्त्यावर हे छान चालतं कारण इंजिनचं वजन पुढेच असतं, पण गाडी चढावर लागली की वजन मागच्या चाकांवर सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि नेमकी तीच चाकं गाडी ओढत असतात. खाली ओली लाल माती, तिच्यावर साबणासारखा गुळगुळीत थर, मग चाक फिरणार नाहीतर काय. वाडीतल्या कोणाची बोलेरो त्याच चढावर चढत असेल तर त्याचं मुख्य कारण हेच, तिची मागची चाकं गाडी ढकलतात आणि चढावर वजनही मागेच आलेलं असतं. रिक्षाचंही तसंच. म्हणजे तुमची गाडी अडकली याचा अर्थ त्या चढाला चारही चाकांची ताकद लागतेच असा नाही होत. आणि एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाहीये, त्या रात्री गाडीचे टायर कसे होते? कधी बदलले होते? कायद्याने टायरच्या खाचा किमान १.६ मिलीमीटर लागतात पण तेवढ्याच उरल्या असतील तर चिखलात तो टायर संपलेलाच समजायचा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, तो आज खाली जाऊन बघाच. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर खाचा दिसत असल्या तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्यात पकड जाते.

दुसरं गृहीतक, आणि हे फक्त तुमचं नाही, बऱ्याच जणांचं असतं, की ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे पावसात घाटात सेफ. तुम्ही लिहिलंय की आंबा घाट उतरताना पण आता भीती वाटते म्हणून ही गाडी हवी. ताई, ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह, गाडी सुटायला, चढायला, चिखलातून बाहेर यायला मदत करते. थांबायला ती काही जादू करत नाही, आणि ओल्या डांबरावर वळणात वेग जास्त असेल तर तीही घसरते, उलट वजन थोडं जास्त असल्यामुळे काम टायर आणि ब्रेकवरच येतं. घाटात तुम्हाला वाचवणार ते चांगले टायर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम), ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी सिस्टिम), खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय आणि धुक्यात फॉग लॅम्प लावून हळू जाणं. आंबा घाटाच्या भीतीचं उत्तर म्हणून एडब्ल्यूडी घेऊ नका. घरापुढच्या चढासाठी घ्यायची असेल तर तो विचार बरोबर आहे.

तर आता गाड्या. आपल्याकडे या साइजमध्ये चॉइस खरंच कमी आहे. क्रेटा, सेल्टोस, एलिव्हेट, कुशाक, टायगुन यातली एकही आपल्याकडे ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मिळत नाही. राहतात त्या मारुती-टोयोटाच्या तीन बहिणी, आणि त्यांच्यात मेकॅनिकली फरक शोधत बसू नका. ग्रँड विटारा आणि हायरायडर २०२२ मध्ये आल्या, व्हिक्टोरिस २०२५ मध्ये, आणि तिघींमध्ये इंजिन तेच १.५ लिटर पेट्रोल, ताकद साधारण १०३ पीएस, एडब्ल्यूडी सिस्टिम तीच, आणि आता ती सहा स्पीड ऑटोमॅटिकसोबतच मिळते, आधी मॅन्युअलमध्ये मिळायची. सिस्टिम काय करते तर एरवी पुढचीच चाकं चालवते, घसरण जाणवली की मधल्या कपलिंगमधून मागे ताकद पाठवते. चार मोड आहेत, ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. स्नो नावाला बर्फ असला तरी कोकणातल्या ओल्या मातीला तोच कामाचा, ॲक्सिलरेटर नरम होतो आणि चाक एकदम फिरत नाही. गाडी अडकायला लागलीच तर लॉक.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही, शीटमध्ये हवा तो कॉलमच नाहीये. या तिन्ही गाड्यांमध्ये आपल्याकडे स्ट्राँग हायब्रिड आणि ऑल व्हील ड्राइव्ह एकत्र मिळत नाही. हायब्रिड हवी तर ती फ्रंट व्हील ड्राइव्हच. म्हणजे तुमचं आणि तुमच्या नवऱ्याचं भांडण एकाच शोरूममधल्या एकाच गाडीच्या दोन रूपांचं आहे. ग्रँड विटाराचं कंपनीच्या कागदावरचं मायलेज हायब्रिडचं लिटरला २७.९७ किलोमीटर आणि जुन्या मॅन्युअल एडब्ल्यूडीचं १९.३८, आणि हायब्रिडचा खरा फायदा थांबत-सुटत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्येच दिसतो. त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं हट्ट म्हणून सोडून देऊ नका, वर्षभराचा हिशोब त्याच्या बाजूने आहे. फक्त हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असल्यामुळे डिकी २६५ लिटरची होते, साध्या माइल्ड हायब्रिडमध्ये, जिथे मोटर इंजिनला फक्त थोडी मदत करते, ती ३७३ आहे, आणि गावाहून येताना तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या घेऊन येणाऱ्या घराला हे जाणवतं. एडब्ल्यूडीतही मागच्या चाकांसाठी जादा यंत्रणा बसवलेली असते तेव्हा तिचीही डिकी शोरूममध्ये स्वतः उघडून बघा, आणि मधल्या माणसाच्या पायाखालचा उंचवटा पण.

या इंजिनबद्दल अजून एक. पाच माणसं, भरलेली डिकी, एसी चालू आणि समोर घाट, अशा वेळी १०३ पीएस ओढतं पण घाई करत नाही, जोर येण्यासाठी इंजिन वरच्या फेऱ्यांवर न्यावं लागतं आणि आवाज होतो. तुम्ही शांत गाडी चालवणाऱ्या असाल तर काही बिघडत नाही. पण टेस्ट ड्राइव्ह एकट्याने करू नका, घरचे सगळे बसवून करा, आणि एडब्ल्यूडी व्हेरियंटचीच मागा. शोरूमवाले बऱ्याचदा साधी गाडी देतात आणि सांगतात, मॅडम फील सेमच आहे.

जिम्नी. तुमच्या चढाचा एकट्याचा विचार केला तर यादीतली सगळ्यात हुशार गाडी हीच, लॅडर फ्रेम, म्हणजे ट्रकसारखा मजबूत सांगाडा आहे, लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराने चढायचे गिअर आहेत, चार मीटरच्या आत लांबी म्हणून गडग्यांच्या मधल्या अरुंद वाटेत वळते. पण सीट चार. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई म्हणजे पाच. प्रश्न तिथेच संपला. डिकी २०८ लिटर हा तर नंतरचा मुद्दा.

थार रॉक्सबद्दल भावाचं म्हणणं समजू शकते, गाडी दणकट आहे, पाच दारं आहेत, भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत. पण तिच्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ताकद, फक्त डिझेलमध्ये मिळते आणि महाराष्ट्रात डिझेलला आरटीओ टॅक्स जास्त, १० ते २० लाखांच्या गाडीवर पेट्रोलला १२ टक्के तर डिझेलला १४, त्यावर इन्शुरन्स, म्हणजे तुमचं बजेट ताणलं जातं. आणि आईचे गुडघे. तुम्ही लिहिलंय तिला जिना चढताना त्रास होतो, तिला रात्री आजारी अवस्थेत एवढ्या उंच गाडीत चढवायचंय हे डोळ्यांसमोर आणा. ज्या माणसासाठी गाडी घेताय तिला त्यात बसता आलं पाहिजे, हा निकष मी बाकी सगळ्याच्या वर ठेवीन. आणि थार-जिम्नीसारखी पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांवर टाकायची, फोर बाय फोर जे कोणी घेणार असतील त्यांच्यासाठी सांगते, कोरड्या डांबरावर ती फोर व्हीलमध्ये टाकून चालवायची नसते, वळताना पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं आणि ट्रान्समिशनवर ताण येतो.

कोणी जुनी डस्टर एडब्ल्यूडी सुचवेल, २०१४ पासूनची, डिझेल, सहा गिअर, पहिला गिअर चढासाठी मुद्दाम लहान ठेवलेला. सुंदर गाडी होती ती, पण आईच्या आजारपणासाठी विश्वासाची गाडी हवी असताना बंद झालेल्या मॉडेलच्या पार्टसाठी फोन करत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला वाटतं. जीप कंपासचंही कोणी नाव काढेल, इथेच रांजणगावला बनते, फोर बाय फोर उत्तम आहे, पण नवी घ्यायची तर तुमच्या आकड्यात बसत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. एक शनिवार-रविवार काढून गावी जा आणि तो पाऊण किलोमीटर चालत चढा. सोबत वाडीतला कोणी जाणता माणूस घ्या, जो तिथे रोज ट्रॅक्टर नाहीतर टेम्पो चालवतो. त्याला विचारा, गाड्या नक्की कुठे अडकतात. माझा अंदाज आहे की तो पूर्ण रस्ता दाखवणार नाही, एक वळण आणि त्याच्या वरचे तीस-चाळीस मीटर दाखवेल, जिथे वरचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं आणि माती धुऊन जाऊन जांभ्याचे दगड वर आलेत. तेवढ्याच तुकड्याला चाकांच्या अंतरावर काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाकता येतात, वरून गुळगुळीत न करता झाडूने खरबरीत ठेवायच्या, आडव्या खाचा मारायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोंगराच्या बाजूने चर खणून पाणी वहाळाकडे काढायचं. पाणी काढलं नाही तर काँक्रीट पण दोन पावसाळ्यांत पोकळ होतं. शेवाळ धरतं ते दर वर्षी पावसात एक-दोनदा घासावं लागतं, ब्लीचिंग पावडर टाकून. गावच्या गवंड्याकडून अंदाज घ्या आणि तो आकडा एडब्ल्यूडी व्हेरियंटसाठी जास्त मोजायच्या रकमेशेजारी लिहून बघा, टॅक्स आणि इन्शुरन्सचा फरक धरून.

रस्ता कोणाच्या जागेतून जातो हा प्रश्न येणारच, कोकणात तो येतोच. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, रस्ता २३ नंबरला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, लागलाय का. लागला असेल तर ग्रामसभेत अर्ज द्या, वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन, तुमच्या एकटीच्या नावाने नको. नसेल लागला आणि जागेवरून भाऊबंदकी असेल तर मात्र हे वर्षानुवर्षं लटकतं, ते मला मान्य आहे, आणि तेव्हा गाडीनेच मार्ग काढावा लागेल.

पण काँक्रीट होवो न होवो, काही गोष्टी या महिन्यातच करा. चढ चढू शकणारी गाडी वाडीत कोणाकडे आहे त्या दोघा-तिघांचे नंबर आईच्या फोनमध्ये सगळ्यात वर टाका, त्यांच्याशी स्वतः बोला, डिझेलचे पैसे आधीच देऊन ठेवा म्हणजे रात्री कोणाला संकोच नको. १०८ ला सांगायचा पत्ता, कुठल्या फाट्याला वळायचं ते, मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पलंगाशेजारी चिकटवा. आणि ती खुर्ची, जिच्यातून त्या रात्री आईला खाली आणलं, तशी हातांची मजबूत, बेल्ट लावता येईल अशी एक खुर्ची घरात कायम ठेवा, कारण मुसळधार पावसात माती किंवा झाड खाली आलं तर कुठलीच गाडी वर येणार नाही, चार चाकं चालवणारीही नाही.

माझं मत विचाराल तर असं आहे. तुम्ही पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गावी जाणार असाल आणि चढाचं काम जागेच्या भानगडीत अडकणार असेल, तर एडब्ल्यूडी घ्या, मन घट्ट करून घ्या, नवऱ्याला मायलेजचा हिशोब सोडायला सांगा. तिघींमधली कुठली ते देवरुख, चिपळूण, रत्नागिरी या भागात कोणाचं सर्व्हिस सेंटर तुमच्या वाटेवर पडतं आणि आई कुठल्या सीटवर आरामात बसते यावर ठरवा, नवी आणि पाच स्टारवाली म्हणून माझा कल व्हिक्टोरिसकडे. घेतल्यावर चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले ठेवा, प्रत्येक सर्व्हिसिंगला आलटून-पालटून घ्या. एकच नवा आणि तीन जुने असं एडब्ल्यूडीला चालत नाही, कपलिंगला उगाच काम पडतं. आणि तुमचं जाणं गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना एवढंच असेल आणि पट्ट्या होण्यासारख्या असतील, तर आधी पट्ट्या करा आणि गाडी हायब्रिड घ्या, उरलेल्या पैशातून कंपनीचे टायर झिजायची वाट न बघता ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे टायर टाका.

बाकी वाचकांपैकी कोणी मावळात, मुळशीत शेतजागा घेतली म्हणून एडब्ल्यूडी शोधत असेल, त्यांनाही हेच विचारायचंय की जागेपर्यंतचे शेवटचे मीटर किती आणि तिथे वर्षातून किती वेळा जाणार. लडाख-स्पितीला एकदा जायचं म्हणून घेत असाल तर तिथे भाड्याने घ्या. आणि शेताच्या बांधावरून खरोखर रोज जायचंय त्यांनी एसयूव्हीच्या फोटोंमध्ये न अडकता लो रेंजवालीच बघावी.

ताई, एक शेवटचं काम, बुकिंगची रक्कम भरायच्या आधीचं. पावसाळ्यापूर्वी निदान चर तरी खणून घ्या. मग जूनमध्ये दोन-चार दिवस दणकून पाऊस पडून गेला की दिवसाउजेडी तुमची हीच जुनी हॅचबॅक घेऊन जा, टायर गेलेले असतील तर कोणाकडून तरी बऱ्या टायरची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी मागून न्या, आणि पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून तो चढ चढून बघा. आधी एकट्या, मग चार माणसं बसवून. खाली-वर वाडीतलं कोणीतरी उभं असू द्या. नवऱ्याला सोबत न्या आणि एकदा त्यालाही चालवू द्या. चढली तर दोघं मिळून हायब्रिड बुक करा. वळणावर परत चाकं फिरली तर त्यानेही ते स्टिअरिंगवर बसून बघितलेलं असेल, मग एडब्ल्यूडीसाठी तुम्हाला एक्सेल शीट दाखवावी लागणार नाही.